तपासणीचं टेबल

पन्हाळ्याच्या पायथ्याला, पहाटे साडेपाच.

जीप उलटली तर पिंजरा आहे,
उद्यमनगरात दस्तगीरनं जोडलेला.
वेल्डिंगवरून नख फिरवतो, बोलत नाही.
जुन्या फियाटचं दार
दाबलं गेलं की थेट मांडीपर्यंत येतं.
बिनछपराच्या गाडीत माणूस
समईतल्या वातीएवढा वर.

आणि मोटरसायकल.
तिला पिंजरा कुठं घालायचा?
बरगड्या, तेवढाच.

नंबर एकोणीस, संताजी बिद्रे, हसतो :
"काका, पडलो तर निदान गाडीखाली नसतो."

खरंय.
तिसऱ्या वळणाचा कठडा नवा आहे,
चुना अजून पांढरा.
जुना कुणाच्या गाडीनं पाडला
ते बिद्र्यांच्या घरी कुणी विचारत नाही.

हेल्मेटचा पट्टा आणखी बोटभर आवळतो.
गारठ्यानं पेन उमटत नाही.
झटकतो.
पुन्हा झटकतो.