रुमालाखालचा भाव

मेसेज पहाटे आला, गाळ्यावर पेट्या उतरत असताना.
तुमच्या गाडीचा विमा अठरा तारखेला संपतोय.
गेल्या साली सात हजार सहाशे,
यंदा अकरा हजार दोनशे चाळीस.
खाली एक हसरा चेहरा
आणि इतक्या वर्षांच्या विश्वासाबद्दल आभार.

गाडी तीच. बारा वर्षांची, राखाडी,
सानपाड्यात बिल्डिंगच्या मागच्या भिंतीशी
डावा आरसा मिटून उभी असते.
घर ते तुर्भे, तुर्भे ते घर,
हंगामात बेलापूरला एखादी खेप.
क्लेम एकही नाही.
पाम बीचला एकदा चरा पडला,
तोही मी रविवारी बसून मेणाने बुजवला.
कागदावर तिची किंमत दरसाल उतरते
आणि तिला राखायची किंमत चढते.
उतरत्या मालाला चढता भाव
तीस वर्षांत फळबाजारात मी पाहिला नाही.

आमच्याकडे भाव रुमालाखाली ठरतो.
एक जण बोटं धरतो, दुसरा सोडवून घेतो,
तोंडाने दोघंही भलतंच बोलत असतात,
पोराची दहावी, देवगडचं पाणी.
खोटं बोट लगेच कळतं. त्याचा घाम वेगळा.

फोनला बोटं नसतात.
तरी उलट्या क्रेटवर बसलो, चष्मा चढवला.
एका कंपनीने नऊ हजार सांगितले,
दुसरीने आठ, वर जीएसटी,
आणि पुढची काच फुटली तर तुमची तुम्ही बघा.
तिसरीने काहीच सांगितलं नाही, फक्त नंबर घेतला,
तेव्हापासून दिवसाला अकरा फोन,
जेवताना, हमालांचा हिशेब करताना, संडासात.
चौथीकडची मुलगी स्वरांगी.
तिने विचारलं, गाडी रात्री कुठे असते?
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
सात हजार आठशे म्हणाली, काचेसकट.

तासाभरात जुन्या कंपनीचा फोन.
सर, सोडून चाललात?
सात हजार पाचशे करून देतो.
म्हटलं, मग हे काल का नाही केलंत?
तो थांबला. नवा असावा.
म्हणाला, सर, जे विचारत नाहीत
त्यांना सिस्टिम आपोआप वाढवून लावते.

जे विचारत नाहीत.

बेलापूरच्या टिपणीसबाई.
दर एप्रिलला चार डझन, साहेब होते तेव्हापासून.
भाव कधी विचारला नाही.
पहिल्या साली सगळ्यांना लावला तोच लावला.
मग पन्नास वर. मग शंभर.
पेंढा महागला, डिझेल महागलं,
असं मी कुणाला सांगत होतो, कोण जाणे.
त्यांच्या पेटीवर मी खूण करायचो, निळ्या खडूने,
पोरांना कळावं म्हणून.

सात हजार पाचशे भरले. पावती आली.
मग बाईंना फोन लावला.
यंदा डझनामागे तीनशे कमी, बाई.
पलीकडे कुकरची एक शिट्टी, मग दुसरी.
ठाऊक होतं रे मुरलीधर, त्या म्हणाल्या.
बाजार फिरायला गुडघे लागतात.
मग म्हणाल्या, चार नको, दोनच डझन दे.
आणि पिकलेले बघून दे, अढीत घालायला आता कोण आहे.

संध्याकाळी पेटी घेऊन निघालो.
खडू खिशात होता, खिशातच राहिला.
किल्ल्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली,
मागे हॉर्न सुरू झाले,
आत आंब्याचा वास कोंडलेला.
रुमाल काढला, मान पुसली,
घडी न घालता तसाच गियरवर टाकला.
सिग्नल सुटला तरी
हात रुमालाखालीच होता.