खण

कागदगिरणी बंद पडली त्या वर्षी
बेकारांच्या कचेरीत एक फॉर्म मिळाला.
पुढे काय शिकणार?
नर्सिंग, ट्रक, वेल्डिंग, इतर.
मी ‘इतर’वर खूण केली
आणि शेजारच्या बोटभर जागेत लिहिलं, लाकूड.
खिडकीतली बाई म्हणाली, पूर्ण नाव?
थिबोडो, म्हटलं. ओडील थिबोडो.
तुमचं नाही हो, पदवीचं.

एकवीस वर्षं मी लाकडाचा लगदा केला.
एका दारातून ओंडके यायचे, बर्फ लागलेले, सालीसकट,
दुसऱ्यातून निघायची पांढरी रिळं,
कुठल्या झाडाची म्हणून ओळख नसलेली.
आता पन्नाशीत उलटी निघाले होते,
कागदाकडून लाकडाकडे,
तर पहिल्याच दिवशी विभागप्रमुख म्हणाल्या,
प्रबंध किमान शंभर पानी हवा.

वर्गात मला धरून सहाजण.
टॅल्मननं एक खुर्ची केली, जिच्यावर बसता येत नव्हतं.
तिच्यावर दोन तास चर्चा झाली, उभ्यानं.
बहीण फोनवर हसायची:
बाबांनी अख्ख्या गल्लीला खिडक्या बसवल्या,
त्यांना कुणी डिग्री विचारली?
मी पटाशीला धार लावत ऐकायचे.
धार लागली की नाही ते मनगटावरचे केस सांगतात.
त्या हिवाळ्यात माझा डावा हात
लहान मुलाच्या गालासारखा होता.

एल्डन पिंकहॅम शिकवायचे, म्हणजे फारसं बोलायचे नाहीत.
सांधा उचलायचे, फुंकर मारून भुसा उडवायचे,
उजेडासमोर धरायचे.
फटीतून उजेड आला की टेबलावर ठेवायचे:
पुन्हा.
असे त्रेसष्ट सांधे मी शेगडीत घातले.
चेरीचं लाकूड जळताना
गोडसर वास येतो, हे प्रबंधात कुठे घालावं
मला कळलं नाही.

नोव्हेंबरात कपाट उभं राहिलं.
सात खण, एक खिळा नाही.
वरचा खण ढकलला
की आतली हवा खालच्याला अलगद बाहेर लोटायची,
जणू कुणी आत बसून देवघेव करतंय.
पिंकहॅमनी दोनदा ढकलून पाहिलं.
काही बोलले नाहीत.
ते न बोलणं मी शाबासकी समजले.

तोंडी परीक्षा जूनमध्ये.
चार दिवस समुद्रावरून धुकं आलेलं,
टॉवेल वाळत नव्हते, पोळ्यांसारखे मऊ पडलेले कागद.
बाहेरच्या परीक्षक, डॉक्टर हॅस्केल, रेनकोट काढत म्हणाल्या,
प्रबंध?
मी ऐटीत म्हटलं, चौथ्या खणात.
त्यांनी मूठ धरली. ओढलं.
पुन्हा ओढलं.
मग मी ओढलं, मग टॅल्मननं,
मग कपाटच इंचभर पुढे सरकलं.

हिवाळ्यात लाकूड अंग चोरतं,
उन्हाळ्यात अंग धरतं,
म्हणून खणाला श्वासापुरती जागा सोडावी:
हे पान एकेचाळीसवर होतं,
माझ्याच शब्दांत, तळटिपेसकट.
आणि पान एकेचाळीस आत.

पिंकहॅम खिडकीबाहेर पाहत होते.
त्यांना नोव्हेंबरातच ठाऊक होतं. म्हातारा.

डॉक्टर हॅस्केलनी खणावर तळवा ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.
म्हणाल्या, मग तोंडानं सांगा.
मी गिरणीपासून सुरुवात केली.
म्हटलं, एकवीस वर्षं ज्याच्यात काम केलं
ते कधी फुगलं नाही, अडलं नाही, नाही म्हणालं नाही.
पुढे काय बोलले आठवत नाही.
कुणीतरी दिवा लावला, तेव्हा कळलं उशीर झालाय.

पदवी लगेच मिळाली, प्रबंध ऑक्टोबरात.
घरी शेगडी पेटवल्याच्या तिसऱ्या दिवशी
खण दोन बोटांनी बाहेर आला, काही झालंच नाही असा.
रंधा हाताशी होता.
दोन शिलप्या काढल्या असत्या की कायमचं मिटलं असतं.

नाही काढल्या.
त्या खणात मी उन्हाळ्यात न लागणाऱ्या वस्तू ठेवते:
लोकरीचे हातमोजे, बर्फाच्या बुटांच्या नाड्या,
पदवी.