फूट

वेकफील्डच्या अलीकडे, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीमागे
एक बुटकी, लांबच लांब शेड आहे. खिडकी एकही नाही.
दारात नॉर्मन बूथरॉइड प्रत्येकाला बजावतो:
टॉर्च बाहेर, मोबाइल बाहेर.
उजेड लागला की रुबार्बचे दांडे हिरवे पडतात
आणि हिरव्याला लंडनात कुणी विचारत नाही.

दोन वर्षं ही मुळं उघड्या रानात असतात,
गिरणीतली टाकाऊ लोकर खातात, हिमाचे तडाखे खातात.
मग त्यांना उपटून इथे आणायचं, अंधारात,
रात्रीच्या वेटिंग रूममधल्या माणसांसारखं खेटून बसवायचं
आणि बॉयलर पेटवायचा.
मुळांना वाटतं, आला वसंत.
"फसवणूकच आहे," नॉर्मन म्हणतो. "चौथी पिढी आमची."

जानेवारीत मी कामाला लागले.
हातात मेणबत्ती. समोर काही हलत नव्हतं.
टप्.
मग डावीकडे, टप्. मग खूप आत,
कुणी सावकाश बोटं मोडावीत तसं.
कोंबावरचं तपकिरी टरफल उकलत होतं.
कोंबाला आवाज असतो
हे मला शेतकऱ्याच्या घरात वाढूनही
कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझ्या भाषेत काय म्हणतात याला?"
"फूट. नवी फूट."
"किती?"
"काय किती?"
"किती फूट?"

हसू आवरून मी सांगत बसले:
बारा इंचांचा फूट वेगळा, तो तुमच्याकडचा,
आगबोटीतून आला आणि आमच्याकडेच राहिला.
ही फूट आमची. झाडाला येते.
शिवाय आणखी एक अर्थ आहे, तो...

तो मी गिळला.
शेडच्या मधोमध पत्र्याची भिंत होती
आणि पलीकडे सेसिल होता, थोरला भाऊ.
एकतीस वर्षं एकाच छपराखाली, शब्द नाही.
टेपने मोजली तेव्हा शेड दोनशे एकेचाळीस निघाली.
एकशे वीस तुझे, एकशे वीस माझे.
उरलेला एक कुणाचा, यावर वकील लागले,
आईच्या अंत्ययात्रेला दोन गाड्या लागल्या.
डोरीन, नॉर्मनची बायको, म्हणते
खरं कारण घड्याळाचं होतं. ते ती सांगत नाही.

फेब्रुवारीत सेसिल गेला, पॉन्टिफ्रॅक्टच्या हॉस्पिटलात.
मुलगी कॅनडात. बॉयलर आपोआप चालणारा.
पत्र्यापलीकडे मेणबत्ती लागली नाही.
मुळांना कुणी कळवलं नव्हतं.
टप्, तिकडे. टप्, टप्.
आम्ही इकडे दांडे ओढत होतो आणि नॉर्मन
मध्येच थांबायचा, डोकं एका बाजूला कलतं करून,
जिन्यावर कुणाची पावलं ओळखावीत तसा.

चौथ्या रात्री तो बर्फातून वळसा घालून
पलीकडच्या दारापाशी गेला. मला म्हणाला, मेणबत्ती धर.
आत गुलाबी जंगल माजलं होतं,
पिवळी पानं, आडवे झालेले दांडे.
सेसिल डावखुरा. त्याच्या ओळी उलट्या.
नॉर्मनने उजवा हात खिशात घातला,
डाव्या हाताचं बोट दांड्याच्या बुडाशी सारलं,
पिळलं, ओढलं. चुकलं. पुन्हा ओढलं.
खोक्यांवर पेन्सिलीने नाव घातलं, भावाचं.

पहाटेकडे कधीतरी, मान वर न करता:
"तो तिसरा अर्थ काय होता गं?"

मी मेणबत्ती उचलून पत्र्याकडे दाखवलं.
खालून गंजलेला, वर छपरापर्यंत गेलेला.
तो बराच वेळ बघत राहिला.
कुठेतरी एक कोंब सुटला.

"एक," तो म्हणाला. "एकच होता."

आणि पुढची ओळ धरली.