मीटर बघणाऱ्याची नोंद

खानापुरात कौलांच्या भट्ट्यांमागं कुंभारांची नऊ घरं,
माझ्या यादीत तिसऱ्या पानावर.
एकोणीस वर्षं मी आकडे वाचतो.
गळ्यातल्या मशीनमधून कागदाची लांब जीभ निघते,
तिच्यावर कन्नड. "ओट्टु" म्हणजे एकूण, एवढं सगळ्यांना कळतं,
आणि हल्ली त्यापुढं बहुधा शून्य,
म्हणून कागद कुणी बघत नाही,
चुलीत जातो, नाहीतर चटणीच्या पुडीला.

परशराम कुंभाराच्या पडवीत त्या दिवशी
सात मडकी ओळीनं.
एकीच्या तोंडातली तार दुसरीच्या पोटात,
वेण्या घालायला एकीमागं एक बसलेल्या बायकांसारखी.
आत चिखल. मलप्रभेकाठच्या भाताचा,
गुडघ्याएवढ्या खोलीतला, काळा, नाकाला झोंबणारा.
मी वाकलो तशी अश्विता म्हणाली,
"हळू, मामा. आत जेवूलालेत."

कोण?

"दिसत नाहीत. जेवल्यावर आपण श्वास सोडतो नव्हं,
तसं त्यांनाही काहीतरी सोडायचं असतंय,
आणि खाली वारा नाही.
मग जवळ जे असेल त्याच्या हवाली करतात."
जवळ असते टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी कांडी,
दगडानं सेल फोडून काढलेली,
त्यापायी बापाच्या शिव्या खाल्लेली.

पहिले पंधरा दिवस काही नाही.
चिखलाला चिखलासारखं राहायचं होतं.
मग परशरामनंच उठून प्रत्येक मडक्याखाली
एकेक कोरडं कौल सरकवलं.
"मडकं घाम गाळतंय. फळी ओली.
तुझी वीज फळीवरनंच पळून जात असेल."
शाळा सातवी. पण घाम गाळणं त्याला माहीत.

बेळगावच्या भंगारवाल्याकडचा मल्टिमीटर, काच तडकलेली.
शून्य पूर्णांक अडतीस.
शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
सातांचे मिळून दोन पूर्णांक सहा.
माझा हात सवयीनं मशीनकडं गेला.
मशीननं ग्राहक क्रमांक विचारला.
मी थांबलो. ग्राहक कोण इथं?
आम्ही की ते?

"बिल काढा की त्यांचं," पोरगी हसून म्हणाली.
मी डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं:
रोज एक वाटी तांदळाचं धुवण.
जागा हलवू नये.
थकबाकी नाही.

आमच्याकडं वारुळाला सातेरी म्हणतात,
जिवंत मातीपुढं वाकायची सवय जुनीच.
तरी मी हात जोडले नाहीत.
खात्याचा माणूस मी,
आणि गळ्यात मशीन असलं की वाकताना
ते उगीच छातीवर आपटतं.

पुढच्या महिन्यात जांबोटीकडं लाईनीवर झाड पडलं.
मी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात,
नऊही घरं काळोखात.
परशराम चाकावर. त्याला उजेड लागत नाही,
बोटांनी बघतो.
पडवीत एक लाल ठिपका,
मसुरीच्या डाळीएवढा.
त्यात मडकं दिसत नव्हतं, हात दिसत नव्हता,
कौल नाही, कांडी नाही.
तो आहे, एवढंच दिसत होतं.

मी बॅटरी लावून आकडा बघितला. दोन पूर्णांक एक.
"उतरलाय," मी म्हणालो.
अश्विता गप्प. मग हळूच,
दावणीला उपाशी म्हैस विसरलेल्या माणसाच्या आवाजात:
"जत्रेला गेलो होतो. दोन दिवस काही घातलं नाही."

आत तिची आई अंधारात तांदूळ धूत होती.
पातेल्यात हात फिरल्याचा आवाज,
एकदा, दोनदा,
मग पातेलं कलल्याचा.
मी परसात पाणी पडल्याचा आवाज येईल म्हणून
उगाच कान देऊन उभा राहिलो.
आला नाही.