आठ अक्षरं, एक चिन्ह

मिठबावच्या तिठ्यावर, झेरॉक्सच्या मशीनला खेटून
मी लोकांचे पासवर्ड बनवतो.
परवान्याची साईट म्हणते: आठ अक्षरं तरी हवीत,
त्यात एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह,
आणि कुणाला ओळखू येईल असं काही नको.

शेवंती मोंडकर म्हणते, "पातीचा नाव घाल."
पातीचं नाव तिच्या सासूचं,
नाळेवर लाल रंगात, वीतभर अक्षरांत.
"मगे झिलाची जन्मतारीख?"
तीही बंदराला पाठ. त्या दिवशी रापणीत
इतकी सुरमई लागली होती की जाळं फाटलं.
काकी, असं काहीतरी सांग ज्याला अर्थच नाही.
ती हातातली पिशवी खाली ठेवते.
"अर्थ नसलेला काय आसता रे?"

मला तरी कुठे सुचतं?
कुठलाही आकडा सांगा म्हटलं
की निम्मा गाव सात सांगतो.

माझे वडील गुरव. पाषाणाला
ओल्या कळ्या चिकटवायचे आणि थांबायचे.
उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.
जमिनी, सोयरिकी, नवी होडी घ्यावी की नको,
माणसं श्वास धरून त्या कळीकडे बघत.
मी नऊ वर्षांचा, खांबामागे, गणिताच्या वहीत लिहीत होतो:
उ उ डा उ डा डा डा उ
दोन पावसाळे लिहिलं. पुढची कळी कुठली
एकदाही सांगता आलं नाही.
पुढे मालवणला सरांनी फळ्यावर शून्य-एक मांडले
तेव्हा मला ओल्या दगडाचा वास आला.
हे बाबांना सांगायचं राहिलं.
ते गेल्यावर त्यांचा फोन उघडायचा होता.
एक, दोन, तीन, चार.
पहिल्याच फटक्यात उघडला.

शेवंतीला मशीनने दिला तो असा:
मोठा टी, नऊ, हॅश, छोटा क्यू,
पुढचं सांगत नाही.
तिने तो मार्करने लिहून घेतला
बर्फाच्या पेटीच्या झाकणावर, आतून.
बाहेरून तिथेच पैशांचा कोड चिकटवलाय,
काळे-पांढरे चौकोन, त्यावर बांगड्याचे खवले वाळलेले,
एक कोपरा तर गेलाच,
तरी पुण्याचं गिऱ्हाईक मोबाईल धरतं आणि पैसे जमा होतात.

चार दिवसांनी परत आली.
मार्कर बर्फाच्या पाण्यात विरघळला होता.
नवा पासवर्ड मागितला तर साईट म्हणाली,
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा.
नऊ फोटो. होडी असलेले चौकोन निवडा.

शेवंतीने चष्मा पुसला.
"ही होडी नाय, हो मचवो.
हो ट्रॉलर, मेलो सगळी पिल्लां ओढून नेता.
ह्या हॉटेलवाल्यांचा खेळणा."
एकेक नाकारत गेली
आणि शेवटी बोट ठेवलं नुसत्या पाण्यावर.
काकी, इथे काही नाही.
"हयसून आताच गेली ती."

पुन्हा प्रयत्न करा, साईट म्हणाली.
मी तो चौकोन मोठा करून बघितला.
पाण्यावर रेघ होती.