नादुरुस्त

लिफ्टला टांगलेली पाटी होती ती.
विक्रोळीत आमच्या नव्या टॉवरची, चाव्या मिळून आठ महिने झाले होते.
गमरेनं रात्री दीडला तारेसकट उपटून आणली
आणि म्हणाला, घे, तुझ्या कंपनीचं नाव.
लिफ्ट दुरुस्त करायचं काम त्याच्याकडेच होतं.

कंपनी म्हणजे मी,
काकांच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यातलं एक कपाट
आणि दोन डेक, एकाचं झाकण रबरबँडनं बांधलेलं.

नादुरुस्त.
आधी नाद येतो त्यात, मग बाकीचं मोडतं.
हे मला फार नंतर सुचलं. त्या रात्री
हाताला फक्त गंज लागला होता.

कोऱ्या कॅसेट परवडत नव्हत्या.
कुर्ल्याला तौफिककडून भंगारातल्या घेतल्या, किलोवर.
प्रवचनं, सनई, बारावीचं केमिस्ट्री,
कुणाच्या तरी मुंजीत रडलेलं पोर.
पुसू नये म्हणून कुणी कोपरा मोडून ठेवलेला असतो,
तिथे सेलोटेप लावायचा,
की ती पुन्हा काहीही ऐकून घ्यायला तयार.

पहिली कॅसेट ‘थकबाकी’ची.
प्रांजल तांडेल दिवसभर कर्जवसुलीच्या फोनवर असायची,
नऊ तास गोड,
आवाज चढला तर पगार कापायचे.
आमच्याकडे तीच वाक्यं ती जशीच्या तशी घ्यायची.
एका गाण्यात एवढंच आहे:
सर, आपण लाइनवर आहात का?
अकरा वेळा. एक मिनिट दहा सेकंद.
अकराव्याला मेल्विनची काठी तुटते,
ते तसंच ठेवलंय.

कव्हरं छापली उरलेल्या पत्रिकांवर.
वर सोनेरी गणपती आधीच उमटलेला,
खाली थकबाकी, बाजू अ, बाजू ब,
आणि अगदी तळाला, काढायचं राहून गेलेलं,
कृपया आहेर आणू नये.

हॉल कोण देणार?
भांडुपला बारशाच्या नावानं बुक केला, दुपारचा, बिगर-जेवणाचा.
सत्तर जण आले, काळ्या टीशर्टात, बारशाला.
वॉचमननं विचारलं, बाळ कुठंय?
मेल्विननं चादरीत गुंडाळलेला ड्रम दाखवला.
तो वाकला, चादर जराशी सरकवली,
आणि म्हणाला, बापावर गेलंय.
शेवटपर्यंत थांबला तो. कानात बोटं घालून,
पण पुढच्या रांगेत.

दोनशे काढल्या, एकशे अठ्ठावीस गेल्या.
त्यातल्या वीस उधारीवर, म्हणजे गेल्याच.

गाणी सतराच मिनिटांची.
पुढची टेप पुसायला आमच्याकडे वेळ नव्हता, अक्कलही.
त्यामुळे प्रत्येक कॅसेट वेगळी संपते.
कुणाला सनई मिळाली, कुणाला मोलॅरिटी.
वसईहून एका मुलीचा फोन आला रात्री साडेअकराला,
माझ्यावरच्या माणसाचं पुढे काय झालं?

तिच्या कॅसेटवर मस्कतहून कुणीतरी बोलत होता,
राजापूरच्या घराशी. मी तौफिकला विचारलं,
तो हसला, म्हणाला, भाई, किलोनं घेतलंस.

मग ती मुलगी कॅसेटच घेऊन आली.
कपाटासमोर उभ्याउभ्या आम्ही ऐकली,
आधी प्रांजल,
मग खरखर, एक खट्,
मग तो:
छपराचं बघ. कौलं मागव, पैसे येतील.
बाळ्याचा खोकला गेला का?
आणि ही फार मोठ्यानं लावू नकोस,
शेजारचे ऐकतात.

‘थकबाकी’ आता नाही. प्रांजल टीम लीडर झाली,
दुसऱ्यांचे आवाज मोजते.
गमरेनं लिफ्ट शेवटी चालू केली, मग पाटी परत मागितली,
पुन्हा बंद पडली की लागेल म्हणून.
मी दिली नाही.
मेल्विनचे तुटलेल्या काठीचे साडेतीनशे
अजून वहीत आहेत.

कपाटात बहात्तर उरल्यात.
रोज एक लावतो, शेवटापासून.
कालच्यात कुणीतरी घसा खाकरलं
आणि टेप संपली.