रकाना क्रमांक अकरा

'गुन्ह्याचे संभाव्य कारण.'
छापखान्यानं दोन ओळींची जागा सोडलीय.
मागच्या पोराला मी लिहिलं होतं, वाईट संगत.
त्याच्या आधीच्याला, वडील व्यसनी.
ह्याचा बाप शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरतो,
सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही.
कॉलेजात सर फळ्यावर बाण काढायचे,
गरिबी, गल्ली, टोळी, गुन्हा.
खडूचे बाण फार सरळ यायचे त्यांचे.

पेपरात आलं : सोळा वर्षांचा विधिसंघर्षग्रस्त बालक.
नाव छापत नाहीत. कायदा आहे, चांगला आहे,
मीच शिकवते तो हवालदारांना.
त्यानं कात्रण पालथं करून पाहिलं.
"माझं नाव कुठाय, मॅडम?"

नाव एकदाच आलं होतं.
भाऊंच्या वाढदिवसाला, चौकातल्या फ्लेक्सवर,
सगळ्यात खालची रांग, डावीकडून नववा,
पासपोर्टएवढा चेहरा, उसना गॉगल,
खाली बोटभर अक्षरांत नाव, पुढं 'भाई'.
(मलाही ते इथं लिहिता येत नाही.)
वर्गणी दोनशे रुपये.
शाळेत नऊ वर्षं तो
'ए, खांबामागचा' होता.

रातोरात कुणीतरी फ्लेक्स फाडला.
ब्लेड नेमकं नवव्यावरनं गेलं.
भाऊ म्हणाले, नवा लावू की, त्यात काय.
बाकीचे हसले.
दुसऱ्या दिवशी रंकाळ्याकाठी
उसाचा कोयता, पलीकडच्या तालमीचा पोरगा,
त्याची दोन बोटं.
तो पोरगा गोलकीपर होता.
कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं,
तरी समासात लिहिलंय मी.

काल गृहभेट.
आईनं चहा टाकला, साखर शेजारनं आणली.
परड्यात न्हाणीला आडोसा तोच फ्लेक्स,
भाऊंचं धड बाहेर, शुभेच्छुक दुमडलेले,
नववा चेहरा आतल्या अंगाला,
कपाळापासून हनुवटीपर्यंत
दाभणानं शिवलेला.
टाके बारीक. एकही कुठं ओढला गेला नाही.
"कापडं धुताना बोलतो मी त्याच्यासंगट,"
म्हणाली, आणि कप विसळायला वळली.

सोमवारी मंडळापुढं अहवाल.
अकरात मी 'संगत' लिहिलं, खोडलं.
मग त्याचं पूर्ण नाव लिहिलं,
आईच्या, बापाच्या नावासकट,
दोन्ही ओळी भरून.

क्लार्कनं कागद परत पाठवला :
नाव वर आलंय की, मॅडम.
इथं कारण लिहा.